नांदेड ते दिब्रुगड, चार तास

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोहियोद्दीन सरांची, म्हणजे माझी, चूक झाली होती, असं लातुरात अजूनही काही लोक सांगत फिरतात. झाली होती, मी कुठं नाही म्हणतो? पण ती चूक मी स्वतः शोधून काढली. तिच्यासाठी एसटीनं नांदेड गाठलं, गुरुद्वाऱ्यात जेवलो, पोलीस चौकीत बसलो आणि सापडलेली चूक गुंडाळून, काखेत मारून लातूरला परत आणली. स्वतःची चूक शोधायला एवढी पायपीट केलेला दुसरा माणूस या शहरात असेल तर मला भेटवा, मी त्याला चहा पाजतो.

मी सकाळी शाळेत भूगोल शिकवतो आणि संध्याकाळी अमृतरावांच्या क्लासमध्ये. ही हकीकत भूकंपानंतरच्या सहाव्या वर्षाची. तोवर लातुरात इतके क्लास निघाले होते की आमच्या घराचा पत्ता सांगायचा तर फिजिक्सच्या पुढं आणि बायोलॉजीच्या अलीकडं, असा सांगावा लागायचा. खेड्यापाड्यांतून पोरं यायची, पोरांच्या मागं त्यांच्या आया यायच्या. माऊली इथं एक खोली धरून लेकराला गरम खाऊ घालायची आणि तिकडं बाप शेत बघून आल्यावर स्वतःची भाकरी स्वतः थापायचा. गावोगावच्या बापांना भाकरी यायला लागली ती आमच्या लातूर पॅटर्नमुळं, पण याचं श्रेय आम्हाला कुणी दिलेलं नाही.

अमृतरावांच्या क्लासमध्ये सगळ्यात मानाची स्पेशल बॅच. तिच्यात जागा तीस. अमृतराव माणूस सरळ, पण आकड्याला पक्का. त्या खोलीत खुर्च्याच तीस ठेवलेल्या. एकतिसावी खुर्ची आत आली तर छत खाली येईल अशी त्यांची खात्री असावी. या बॅचसाठी निवड परीक्षा व्हायची आणि तिच्यातला भूगोलाचा भाग मी काढायचो. मुलांना स्वतःचा नकाशासंग्रह, पट्टी आणि दोरा आणायची मुभा होती. बहुतेक पोरं नकाशासंग्रह आणायची आणि तो पेपराखाली टेकायला घ्यायची, कारण त्यांना माझा तक्ता पाठ असायचा.

या तक्त्याबद्दल सांगितलंच पाहिजे. माझ्याकडं भारताचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा आहे, एक सेंटिमीटरला चाळीस किलोमीटर. त्र्याण्णवच्या भूकंपात तो भिंतीवरून पडला, वर कपाट आलं आणि काश्मीरपासून खाली पूर्वेच्या समुद्रापर्यंत तिरका फाटला. पण आम्ही तो टाकला नाही. चिकटवला, वाळवला, पुन्हा भिंतीवर चढवला. त्याच नकाशावर दोरा लावून मी देशातली दीडशे अंतरं काढली आणि त्यांचा तक्ता सायक्लोस्टाइल करून पोरांना वाटला. पोरं तो पाढ्यासारखा म्हणायची. नांदेड-दिब्रुगड किती, असं माझ्या पोराला झोपेतून उठवून विचारा, डोळे न उघडता एकोणीसशे म्हणेल. फक्त नकाशावर बोट ठेवून जागा दाखवायला ती जरा कच्ची होती. हिराकूड धरण दाखव म्हटलं की सहा वर्षांत एकालाही सापडलं नाही. मी रागवायचो, पण स्वतः कधी दाखवलं नाही. शिक्षकानं सगळंच दाखवलं तर पोरं आळशी होतात.

तर प्रश्न अडतिसावा असा होता. नांदेडच्या धावपट्टीवरून निघालेलं विमान ताशी चारशे पंचाहत्तर किलोमीटर वेगानं सरळ रेषेत दिब्रुगडच्या विमानतळावर गेलं तर त्याला सुमारे किती वेळ लागेल? साडेतीन तास, चार तास, सव्वाचार तास, पाच तास. चारशे पंचाहत्तर हा वेग मी मुद्दाम घेतला होता. एकोणीसशेला त्यानं भागलं की बरोब्बर चार येतात, मागं काही उरत नाही. अशी उत्तरं मला फार आवडतात.

परीक्षेला दोनशे अकरा मुलं बसली. दोनशे दहांनी चार तास लिहिलं. एका मुलीनं लिहिलं सव्वाचार.

गुरुवारी कच्ची यादी लागली. तिसावं नाव मुनीबचं. मुनीब माझा मुलगा. आता, बापानं पेपर काढायचा आणि पोरानं सोडवायचा हे बरं दिसत नाही हे मलाही कळतं, पण त्या वर्षी लातुरात प्रत्येक मास्तराचं पोरगं कुठल्या ना कुठल्या मास्तराच्या हाताखाली होतं, आणि मी मुनीबला पेपरचा कागदसुद्धा दाखवला नव्हता. एकतिसावं नाव आरतीचं. मुनीबपेक्षा एक गुण कमी. सव्वाचार लिहिणारी तीच.

आरती देगलूरकडच्या एका खेड्यातली. ती आणि तिची आई सिंधुताई आमच्या शेजारच्या विरूपाक्षरावांच्या मागच्या खोलीत राहायच्या. खोली मिळेमिळेपर्यंत तिला उशीर झाला आणि ती क्लासला आली तेव्हा माझ्या तक्त्याच्या प्रती संपल्या होत्या. तिचे वडील रामकिशन यांनी लेकीला एक वर्ष दिलं होतं. स्पेशल बॅचमध्ये नाव आलं तर राहा, नाही आलं तर दोघी मायलेकी शनिवारच्या गाडीनं परत या, असा त्यांचा निरोप होता. परत गेल्यावर काय होणार हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुणे बघून गेले होते.

त्या संध्याकाळी सिंधुताई आमच्या दारात आल्या. मागं आरती, हातात नकाशासंग्रह.

"सर, तिचं म्हननं हाय की तिनं मोजून लिवलंय," त्या म्हणाल्या. "दोन बारीला मोजलं म्हनती."

मी प्रेमानं सांगितलं, ताई, मी सहा वर्षं मोजतोय. आरतीनं नकाशासंग्रह उघडून पुढं केला. मी तो बघितलासुद्धा नाही, हे आता कबूल करतो. तळहाताएवढ्या नकाशात दोऱ्याची जाडीच चाळीस किलोमीटर होते, असं मी तिला समजावलं. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी दोनदा म्हटलं. पोरगी "बरं, सर" म्हणाली आणि पुस्तक मिटलं. सिंधुताईंनी पदरानं हात पुसत एवढंच विचारलं की मग शनिवारच्या चारच्या गाडीत जागा धरायला सांगू का.

त्या गेल्या आणि मला जेवण गोड लागेना. पोरगी बरोबर असेल अशी शंका माझ्या मनात नव्हती, बिलकुल नव्हती. मला टोचलं ते तिचं "बरं, सर". ते पटलेल्या माणसाचं बरं नव्हतं. मी ठरवलं की हे उत्तर असं सिद्ध करायचं की त्या मुलीनं गावाकडं जाताना निदान शांत मनानं जावं. कमरुन्निसा, म्हणजे मुनीबची अम्मी, ताट उचलताना म्हणाली की आणखी एक खुर्ची टाकायला सांगा की अमृतरावांना. आम्ही घरात दखनी बोलतो, मी इथं मराठीत सांगतोय, पण दखनीतही ते तितकंच सोपं वाटलं होतं. मी म्हटलं, प्रश्न खुर्चीचा नाही, दिब्रुगडचा आहे.

शुक्रवारी नमाज उरकून आलो आणि गल्लीच्या साक्षीनं भिंतीवर दोरा लावला. साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. गुणिले चाळीस, एकोणीसशे. विरूपाक्षराव चष्मा चढवून सगळं बघत होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, मूळचे निलंग्याकडचे, आणि जगातल्या कुठल्याही प्रवासावर बोलायचा त्यांना कायमचा अधिकार आहे. त्यांची पहिली हरकत अशी की नांदेडहून दिब्रुगडला विमानच नाही. दुसरी, दोरा बांगलादेशावरून जातोय, तेव्हा वरून उडायला परवानगी लागेल, वळसा धरा. तिसरी हरकत त्यांनी हात मागं बांधून सांगितली.

"मास्तर, येळापत्रकात चार लिवलं की सव्वाचार समजायचं. तेवढा पाव तास धरलेलाच अस्तो."

विमान कंडक्टरच्या चहासाठी थांबत नाही, असं मी जरा कडकच बोललो. त्यावर ते हसले आणि सहज म्हणून गेले की पोराचा प्रश्न आहे, तुम्ही भांडणारच. बापाला करावंच लागतं.

हे मला लागलं. मी मुनीबसाठी भांडतोय? सबंध गल्ली तसंच समजत होती हे मला त्या क्षणी कळलं. दुधवाल्यानंही सकाळी, "जाऊ द्या सर, आपलंच पोरगं हाय," म्हटलं होतं आणि मला वाटलं होतं तो दुधाबद्दल बोलतोय. आता सरकारी सही-शिक्क्याशिवाय माघार नाही, असं मी तिथंच जाहीर केलं. मुनीब ओट्यावर बसून होता. तो काहीतरी बोलणार होता, पण मी जोरात होतो, त्यामुळं ते राहून गेलं.

दुपारी रस्त्यांचं काम बघणाऱ्या एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, रस्त्यानं असेल तर दगड मोजून अंतर लेखी देतो, पण हवेतलं अंतर आमच्या अखत्यारीत येत नाही. आमचं खातं जमिनीपासून फार तर पुलाच्या उंचीपर्यंत. मग अर्ज कुठं करू? ज्या धावपट्टीवरून विमान निघतं तिथं. मी म्हटलं, विमान निघत नाही, फक्त प्रश्नात निघतं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, तरी नांदेडच. मला तो माणूस आवडला. निघताना त्यांनी माझ्या अर्जावर "अर्जदार येऊन गेले" असा शेरा मारून दिला.

शनिवारी पहाटेच्या साडेपाचच्या गाडीनं नांदेडला निघालो. नकाशा बरोबर घेतला होता, म्हणजे अधिकाऱ्यासमोरच मोजायचं आणि खाली सही घ्यायची. नकाशा उंचीला कमरेच्या वर, त्याला वर-खाली लाकडी दांडे. कमरुन्निसानं तो दांड्याभोवती गुंडाळून एका जुन्या केशरी चादरीत शिवून दिला. शिवण तिच्या हाडात आहे, तिचे वडील उदगीरचे नावाजलेले दर्जी. तिनं शिवलेली वस्तू उसवायला दात लागतात.

त्या चादरीनं घोळ केला. नांदेडला उतरलो, रिक्षावाल्यानं माझी दाढी पाहिली, हातातली केशरी कापडात शिवलेली लांब काठी पाहिली आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं मला अदबीनं गुरुद्वाऱ्याच्या दाराशी आणून सोडलं. कुणीतरी निशाणासाठी कापड घेऊन आलंय असं त्याला वाटलं असणार. तिथल्या सेवेकऱ्यांनी पाणी दिलं, सामान जपून ठेवलं, आधी जेवा म्हणाले. मी भूगोलाच्या कामानं आलोय असं सांगत होतो, पण हातात ताट आलं होतं. डाळ इतकी चांगली होती की मी दुसऱ्यांदा घेतली. मग त्यांना सगळी हकीकत सांगितली. एका वृद्ध सरदारजींनी डोकं हलवून विचारलं की मुलगी हुशार आहे का. मी म्हटलं, हुशार आहे, पण हट्टी आहे. ते म्हणाले, मग तुमचं जमेल. या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही.

धावपट्टीवर पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. फाटक बंद. आत गवत, गवतात शेळ्या. पहारेकऱ्यानं सांगितलं की आज दुसरा शनिवार, कचेरीला सुट्टी. सहा वर्षं पोरांकडून देशभरातली अंतरं पाठ करून घेणाऱ्या मला दुसरा शनिवार लक्षात राहिला नव्हता. पण इतक्या लांब येऊन मी हटणार नव्हतो. मी त्याला म्हटलं, बाबा, तूही सरकारी माणूस आहेस, तूच बघ आणि तूच सही कर. चादर दातांनी उसवली, फाटकाला नकाशा अडकवला आणि नांदेडवर दोरा धरला. पहारेकऱ्याचा चेहरा बदलला. धावपट्टीच्या दारात दाढीवाला माणूस देशाचा नकाशा पसरून विमान कुठून कुठं जातं ते मोजतोय, हे त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याची काही चूक नाही. तो मला थांबा म्हणाला आणि जवळच्या चौकीतून हवालदाराला घेऊन आला.

हवालदाराचं नाव मडिवाळप्पा. पिकलेल्या मिशा, निवृत्तीला आलेला, देगलूरच्या बाजूचा. त्यानं मला आणि नकाशाला चौकीत नेलं, दोघांनाही बाकावर बसवलं. मी आरतीपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत सगळं सांगितलं. क्लासचं ओळखपत्र दाखवलं, "अर्जदार येऊन गेले" दाखवलं. मडिवाळप्पा म्हणाला की मास्तर आहात हे तर बोलण्यावरूनच कळून राहिलं, पण खात्री करावी लागते. मग त्यानं नकाशा टेबलावर पसरला.

"मास्तर असाल तर संबलपूर दाखवा," तो म्हणाला. "माझं थोरलं पोरगं तिकडं हाय. हिराकूडच्या धरणावर पहाऱ्याला. तीन वर्सं पत्र टाकून राहिलो, पन गाव कुठं हाय ते कवा बघितलं न्हाई."

मी हसलो. बोट ओरिसावर नेलं. सुंदरगड बघितलं, पुरी बघितली. खाली-वर केलं. संबलपूर नव्हतं. महानदी धरून निघालो, तर ती रायपूरच्या पुढं एका जागी मोडल्यासारखी झाली आणि जरा खाली सरकून पुन्हा वाहायला लागली. हिराकूड नव्हतं.

"नकाशात न्हाई?" मडिवाळप्पानं विचारलं. त्याच्या आवाजात पोलीस कमी आणि बाप जास्त होता. "मग माझी पत्रं कुठं जाऊन राहिली?"

मी पुन्हा बोट फिरवलं आणि ते अडखळलं. वरपासून खालपर्यंत एक कंगोरा होता, कागदावर कागद. मी सहा वर्षं तो रोज बघत होतो आणि जुन्या नकाशाची घडी समजत होतो.

आणि मला सगळं आठवलं. भूकंपानंतरचे दिवस, आम्ही सगळे अंगणात ताडपत्रीखाली. कमरुन्निसा मैद्याची खळ शिजवून नकाशाचे दोन तुकडे मांडीवर घेऊन बसली होती. शिवणीत आतल्या बाजूला जास्तीचं कापड सोडतात, दर्जी लोक त्याला माया म्हणतात. माया नसेल तर शिवण उसवते. तिनं मला विचारलं होतं की दोन बोटं माया ठेवू का, नाहीतर पुन्हा फाटेल. मी रेडिओला कान लावून बसलो होतो. त्या दिवसांत एकच गोष्ट डोक्यात असायची, की आता काही पडायला नको, काही तुटायला नको. मी म्हटलं होतं, ठेव, चांगलं मजबूत होऊ दे. तिनं एक तुकडा दुसऱ्यावर दोन बोटं चढवला आणि असा चिकटवला की सहा वर्षांत हलला नाही. भारत दोन बोटं अरुंद झाला आणि मी त्याची अंतरं पाठ करून घेत बसलो.

मडिवाळप्पानं चहाचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं आणि आम्ही दोघांनी तो कंगोरा वाफेवर धरला. खळ हळूहळू सुटली. आधी हिराकूडचं निळं पाणी दिसलं, मग संबलपूर. मडिवाळप्पा खाली वाकला, त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "लई लांब हाय," एवढंच म्हणाला.

मी कडेला कड लावून नांदेडपासून दिब्रुगडपर्यंत दोरा ताणला. साडेपन्नास सेंटिमीटर. दोन हजार वीस किलोमीटर. भागिले चारशे पंचाहत्तर. हा भागाकार मी चौकीतल्या रद्दी कागदावर तीनदा केला आणि तिन्ही वेळा सव्वाचार तास आले.

मडिवाळप्पानं मला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून स्टँडवर सोडलं आणि बाराची लातूर गाडी गाठून दिली. सही-शिक्का काही मिळाला नाही. तो द्यायला तयार होता, पण मीच नको म्हणालो.

खरं सांगतो, लोह्यापासून अहमदपूरपर्यंत माझ्या मनात भलतंसलतं आलं. कुणालाही कळणार नव्हतं. मडिवाळप्पाला संबलपूरशी काम होतं, त्याला चार आणि सव्वाचारशी देणंघेणं नव्हतं. घरी जाऊन पुन्हा खळ शिजवली की झालं. उत्तर बदललं तर दोनशे दहा मुलांचा एकेक गुण जाणार, त्यानं त्यांच्यात फरक पडत नव्हता. फरक पडत होता दोघांना. आरती एक गुण वर आणि मुनीब एक गुण खाली. मुनीबनं वर्षभर घासली होती. त्याच्या अम्मीनं यादी लागल्या दिवशी शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. अहमदपूरला गाडी थांबली, चहा घेतला, आणि त्या मुलीचं "बरं, सर" पुन्हा कानात वाजलं. चार वाजता तिची गाडी होती. मी ड्रायव्हरला जाऊन सांगितलं की जरा दामटा. तो म्हणाला, मास्तर, हे विमान नाही.

लातूर स्टँडात शिरलो तेव्हा घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती. मी पाठीवर नकाशा घेऊन पळत सुटलो. गेली असणार, गाडी गेलीच असणार. तर देगलूरची गाडी फलाटावर उभी. ड्रायव्हर जागेवर, कंडक्टर टपरीवर चहा पीत होता. खिडकीखाली विरूपाक्षराव उभे, मायलेकींना पोचवायला आलेले. मी गाडीत चढलो. मधल्या वाटेत ट्रंक, गाठोडं, त्यावर आरतीचं दप्तर. सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली.

"आरती," मी म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर आहे. सव्वाचार. माझा नकाशा चुकला होता आणि माझंही चुकलं. खाली उतर."

सिंधुताईंना आधी काही कळलंच नाही. सर, मजाक करू नका, तिचे वडील स्टँडवर येऊन थांबले असतील, असं त्या म्हणायला लागल्या. मी म्हटलं, त्यांना फोन करू, तार करू, मी स्वतः जाऊन सांगतो, पण तुम्ही उतरा. आरती मात्र उठली होती. तिनं माझ्या हातातला नकाशा बघितला, सुटलेली कड बघितली आणि हळूच विचारलं, "सर, मग तक्त्यातली बाकीची अंतरं?" एवढ्या गर्दीत तिच्या डोक्यात तेच आलं. मी ट्रंक उचलली. ती बरीच जड होती.

कंडक्टर आला, घंटी दिली, गाडी हलली. विरूपाक्षरावांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं. मीही बघितलं. बरोब्बर सव्वाचार. ते काही बोलले नाहीत, त्यांनी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि पुढं चालू लागले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

अमृतरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं, उत्तरतालिका काढली, अडतिसाव्या प्रश्नापुढचा चार खोडला. यादी पुन्हा लिहिताना तिसाव्या नावापाशी त्यांचा पेन थांबला. "मुनीबचं काय करू, सर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, एकतिसावा लिहा. त्यांनी खोलीतल्या खुर्च्यांकडं एकदा बघितलं, मग लिहिलं. मी त्यांना खुर्ची मागितली नाही. मागितली असती तर कदाचित दिली असती, पण मग ती मुनीबची खुर्ची झाली नसती, माझी झाली असती.

घरी आलो. कमरुन्निसानं नकाशा बघितला, सुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली की मी विचारलं होतं तुम्हाला. मी म्हटलं, विचारलं होतंस. मग तिनं आत जाऊन चहा ठेवला. मुनीब ओट्यावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. रस्ताभर जे वाक्य तयार केलं होतं ते काही आठवेना. शेवटी म्हटलं, बेटा, यादी बदलली. तुझं नाव गेलं. माझ्यामुळं गेलं.

"मला माहीत होतं, अब्बा," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सव्वाचार आहे ते. परीक्षेत वेळ उरला होता, म्हणून मी नकाशासंग्रहात मोजलं. मलापण सव्वाचारच आले."

"मग चार का लिहिलंस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "पेपर तुम्ही काढला होता."

नांदेडच्या फाटकापाशी, चौकीच्या बाकावर, भरल्या एसटीत, दिवसभरात कुठंही मला एवढी लाज वाटली नव्हती. शुक्रवारी हाच पोरगा ओट्यावर बसून काहीतरी बोलणार होता आणि मी जोरात होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आतून चहाला हाक आली तरी दोघंही उठलो नाही.

सोमवारी क्लासमध्ये मी पोरांकडून तक्त्याच्या सगळ्या प्रती गोळा करून घेतल्या. कमरुन्निसानं नकाशा पुन्हा जोडून दिला होता, या वेळी कडेला कड लावून, मागून कापडाची पट्टी. स्पेशल बॅचचा तास झाला, मग साध्या बॅचचा. साध्या बॅचमध्ये तिसऱ्या बाकावर मुनीब होता. मी त्याला पुढं बोलावलं आणि दोरा त्याच्या हातात दिला.

"मोज," म्हटलं, "आणि जे येईल ते मोठ्यानं सांग. मी काय म्हणतो त्याकडं बघू नकोस."

त्यानं नांदेडवर दोरा धरला. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि त्याचं मोजून होईपर्यंत मध्ये बोललो नाही.